एका गायनविद्यार्थिनीचा दिवस

संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याविषयीं आपल्या सुशिक्षित समाजाच्या मनांत साधारणपणें दोन चित्रें असतात. एक चित्र गुरुगृहीं पाणी भरणाऱ्या, गुरूचे पाय चेपणाऱ्या आणि बारा वर्षांनीं गवई होऊन बाहेर पडणाऱ्या शिष्याचें. दुसरें, दिव्यांच्या झोतांत बसून टाळ्या घेणाऱ्या कलावंताचें. ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरा प्राणी असतो, आणि संख्येनें तोच अधिक आहे, ह्याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. हा प्राणी म्हणजे महाविद्यालयांत नांव घालून, शुल्क भरून, हजेरी लावून व परीक्षा देऊन संगीत शिकणारा विद्यार्थी. त्याच्याविषयीं आख्यायिका नाहींत आणि त्याला टाळ्याही नाहींत. “गाणें शिकतेस होय? छान! पण कॉलेजांत काय शिकतेस?” असा प्रश्न मात्र त्याच्या वाट्यास हटकून येतो, आणि गाणें हेंच आपण कॉलेजांत शिकतों हें सांगतांना तो उगीच ओशाळतो.

असा एक विद्यार्थी, खरें म्हणजे विद्यार्थिनी, आमच्या दहिवलीस माझ्या शेजारच्या घरांत राहते. दहिवली हें कर्जतला लागूनच उल्हास नदीच्या कांठीं वसलेलें गांव. पूर्वेस बोर घाटाचा डोंगर, पश्चिमेस माथेरान, मध्यें भातशेती. आणि आतां त्या शेतीच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारती. मुंबई येथून सुमारें शंभर किलोमीटर. एवढ्या अंतरावरून रोज मुंबईस जाऊन येणारीं माणसें गांवोगांवीं आहेत, तशी ही मुलगीही जाते. फरक इतकाच कीं, इतर लोक पोट भरण्यासाठीं जातात आणि ही यमन, तोडी व मारवा शिकण्यासाठीं जाते.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक. जमाखर्च मांडल्यावांचून मला कोणत्याही गोष्टीचा उलगडा होत नाहीं. म्हणून गेल्या हिवाळ्यांत मीं तिला म्हटलें, “तुझा एक दिवस मला कागदावर मांडून दे पाहूं. मिनिटामिनिटाचा हिशेब.” ती हंसून म्हणाली, “काका, हिशेब बघून तुम्हीच मला गाणें सोडायला सांगाल!” पण दोन दिवसांनीं खरोखरच तिनें एक कागद माझ्या हातीं आणून दिला.

अक्षर सुरेख होतें. आंकडे मात्र भय वाटावें असे होते. पहांटे सव्वाचारला उठणें. पाऊण तास खर्जाची मेहनत. पाऊण तास स्नान, चहा, डबा. पावणेसहाला घर सोडणें. पुढें कर्जत स्टेशन, लोकल, आणि मुंबईंत उतरून पायपीट करीत पावणेनऊला वर्ग. सव्वादोनपर्यंत कॉलेज. परतीचे पुन्हां तीन तास. सव्वापांच ते सात, घोटभर चहा घेऊन गांवांतील आठ मुलांची शिकवणी. सात ते आठ मेहनत. आठ ते सव्वादहा जेवण, आईस मदत आणि शास्त्राच्या टिपणांचें लेखन. मग झोंप, सहा तास.

बेरीज चोवीस तासांची बिनचूक जुळली. परंतु जमेच्या रकमा पाहूं लागलों तेव्हां मी चकित झालों. निद्रेस सहा तास, प्रवासासही सहा तास. आणि स्वतःच्या गळ्यानें घरीं गाण्यास अवघे पावणेदोन तास! कॉलेजांतील साडेपांच तासांपैकीं एकटीनें गावयास मिळालेला वेळ तिनें कोपऱ्यांत निराळा लिहिला होता: बारा मिनिटें. वर्गांत पंधरा जणी. प्रत्येकीचा गळा शिक्षिकेनें स्वतंत्रपणें ऐकावयाचा, मध्यें शास्त्राचे तास, हजेरी आणि तबलजीची वाट पाहणें. मग ह्याहून अधिक वेळ कोठून येणार?

ह्या बारा मिनिटांवरून महाविद्यालयीन संगीतशिक्षणास नांवें ठेवणें सोपें आहे, आणि तीं ठेवणारे लोक विपुल आहेत. परंतु त्या मिनिटांचा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे निंदेची धार बोथट होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ह्यांस ग्वाल्हेरची गायकी मिळविण्यासाठीं घरदार सोडून उत्तरेकडे जावें लागलें आणि वर्षानुवर्षे परक्याच्या दारीं सेवा करावी लागली, तेव्हां कोठें ती विद्या महाराष्ट्रांत आली. त्या काळीं पांढरपेशा घरांतील मुलीस तर ह्या विद्येचें दारच नव्हतें. गाणें शिकावयाचें म्हणजे कुळास बट्टा लावावयाचा, अशी समजूत. हें दार दोन विष्णूंनीं उघडलें. बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि १९०८ त तें कार्य मुंबईस आणलें. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. हे मुंबईचे पदवीधर व वकील. कॉलेजांत शिकत असतांनाच ह्यांना सतारीचा नाद लागला होता. अर्थात् ‘कॉलेजांतील संगीताचा विद्यार्थी’ ह्या जातीचे ते एक आद्य पुरुषच म्हटले पाहिजेत.

भातखंड्यांचा जन्म १८६० चा आणि बोर घाटांतील लोहमार्ग खुला झाला १८६३ त. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. पुढें ह्याच गृहस्थानें १९०४ त दक्षिणेंत आणि नंतर उत्तर व पूर्व हिंदुस्थानांत फिरून पंडितांच्या व उस्तादांच्या भेटी घेतल्या, वाद केले, चिजा जमविल्या आणि त्या स्वरलिपींत उतरवून छापल्या. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राच्या स्वराखालीं टिंब, तारसप्तकाच्या स्वरावर टिंब. एवढ्याशा खुणांनीं घराण्याघराण्यांच्या कुलुपांतली विद्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत येऊन बसली. आगगाडी नसती तर एका वकिलास एवढा प्रवास साधता ना. त्या काळीं विद्येच्या शोधांत गुरु गाडींत बसला. आज विद्यार्थिनी बसते आहे. माझ्या शेजारणीच्या पिशवींत ह्याच मालिकेचा एक जीर्ण भाग नेहमीं असतो.

तेव्हां वर्ग, पुस्तक आणि परीक्षा ह्या तीन गोष्टी नसत्या तर दहिवलीच्या मुलीस तोडीचें नांवही ठाऊक झालें नसतें. हें ऋण मान्य करून मग उणें काय राहिलें तें पाहूं. युरोपांत पॅरिसचें संगीत विद्यालय १७९५ त व लाइपझिगचें १८४३ त निघालें. तिकडील अशा विद्यालयांत वर्गाच्या दालनांबरोबरच एकट्यानें दार लावून सराव करण्याच्या लहान खोल्या असतात आणि विद्यार्थ्याचा पुष्कळसा दिवस तेथेंच जातो. आपण तिकडून वेळापत्रक घेतलें, हजेरी घेतली, परीक्षा व पदवीही घेतली. ती खोली घ्यावयाची मात्र बहुतेक ठिकाणीं राहून गेली. पलुसकरांस ही उणीव जाणवली असावी. ज्यांना पुढें संगीताचे उपदेशक म्हणून बाहेर पडावयाचें होतें अशा शिष्यांस ते विद्यालयांतच राहावयास ठेवीत. तासाची घंटा ऐकून येणारा विद्यार्थी जाणता श्रोता होईल. गाणारा व्हावयाचा असेल तर त्याला अखंड दिवस दिला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या ह्या मुलीचें दुखणें हेंच आहे. कॉलेजनें तिला राग दिले, ताल दिले, शास्त्र दिलें. दिवस दिला नाहीं. तो देणें कॉलेजच्या हातीं नव्हतेंच.

कागद वाचून मीं अर्थशास्त्रज्ञास शोभेल असा सल्ला दिला: मुंबईंत एखाद्या वसतिगृहांत जागा पाहावी आणि हे सहा तास वांचवावे. त्यावर ती म्हणाली, “काका, तें परवडणार नाहीं हें तर खरेंच. पण ते सहा तास सगळेच फुकट गेले असें नका धरूं. त्यांतले निम्मे तरी माझे आहेत.”

तिचें म्हणणें मीं नंतर नीट समजावून घेतलें, कारण तें माझ्या हिशेबांत कोठेंच बसत नव्हतें. कर्जतहून गाडी निघते तेव्हां बसावयास जागा मिळते. भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर येईपर्यंत बायकांच्या डब्यांत बोलणें थोडें व झोंप पुष्कळ. ह्या वेळांत ती ईअरफोन लावून एकच ध्वनिमुद्रण ऐकते. आठवडाभर तेंच. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा इतक्या संथ कीं एका आवर्तनास मिनिटभर लागावें. त्या बोटांच्या पेरांवर मोजावयाच्या आणि गाणारा समेवर कोणत्या वाटेनें आला तें पाहावयाचें. कल्याणनंतर गर्दीचा लोट आंत येतो. मग हात हलवावयासही जागा नसते, आणि ऐकलेलें गाणें मनांतल्या मनांत पुन्हां म्हणण्यावांचून दुसरा उद्योगच उरत नाहीं. परतीच्या गाडींत कधीं कधीं बायकांचें भजन चालतें. टाळ असतात, आवाज खणखणीत असतात. त्यांत ती गात नाहीं, पण ऐकते. “त्यांचा स्वर कधीं कधीं चढतो, पण लय सुटत नाहीं हो. गाडी एवढी हादरत असते, तरी सुटत नाहीं,” असें ती मोठ्या आदरानें सांगते.

हें ऐकून मला गुरुगृहींच्या शिष्याचें तें जुनें चित्र निराळ्या अर्थानें दिसूं लागलें. तो शिष्य बारा वर्षें कांहीं बारा वर्षें गात नसे. त्यांतील कितीतरी वर्षें तो गुरूच्या पाठीमागें तंबोरा घेऊन बसे आणि नुसता ऐके. श्रवण ही त्याच्या शिक्षणाची पहिली आणि सर्वांत लांब इयत्ता होती. वर्गांत ही इयत्ता नाहीं, कारण श्रवणास गुण देतां येत नाहींत. कॉलेजनें गाळलेली ती इयत्ता ह्या मुलीनें लोकलच्या डब्यांत भरविली आहे.

रागांच्या वेळांचेंही तसेंच. आपलें शास्त्र सांगतें कीं मारवा सायंकाळचा; कॉलेजचें वेळापत्रक सांगतें कीं तो मंगळवारीं साडेअकराचा. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, षड्जावर विसावणें थोडें, ही त्याची लक्षणें तिनें भर दुपारीं विजेच्या नळीखालीं पाठ केलीं. एके दिवशीं डिसेंबरांत तिला परतावयास उशीर झाला. भिवपुरीजवळ सूर्य माथेरानच्या डोंगराआड उतरत होता. शेतें कापून झालेलीं. प्रकाश आहे, पण तो आतां राहणार नाहीं, अशी वेळ. “तेव्हां मला कळलें, काका, कीं मारव्यांत षड्ज आपल्याला लवकर घरीं कां येऊं देत नाहीं,” ती म्हणाली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत हें वाक्य लिहिलें तर त्यास किती गुण मिळतील, सांगवत नाहीं.

पावसाळ्यांत आणखी एक सोय निसर्ग करून देतो. उल्हासला पूर आला कीं लोहमार्ग बंद पडतो. २०१९ च्या जुलैंत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली, तें वाचकांस आठवत असेल. असा प्रसंग वाईट खराच. पण नुसत्या अतिवृष्टीनें गाड्या एक दिवस बंद राहिल्या तर ही मुलगी त्या दिवसास ‘माझें गुरुकुल’ म्हणते, कारण त्या दिवशीं ती पांच तास गाते.

येथवर सर्व ठीक. परंतु आगगाडी कान देऊं शकते, गळा देऊं शकत नाहीं. गळ्यासाठीं चार भिंती पाहिजेत आणि पहांट पाहिजे. पुढें चैत्रांत नेमकी तिथेंच अडचण आली. इमारतींतील कांहीं रहिवाशांनीं तिच्या वडिलांस सांगितलें कीं, पहांटे साडेचारला चालणारा हा ‘आऽ’कार थांबला तर उपकार होतील. ह्यांत कोणाची दुष्टबुद्धि नव्हती. मध्यरात्रीं लोकलमधून उतरणाऱ्या माणसास साडेचारला झोंप हवी असते, आणि आजच्या इमारतींच्या भिंती शेजाऱ्याची खोकलाही लपवीत नाहींत. वेळ बदलावी म्हटलें तर पावणेसहाला घर सोडावयाचें असतें. खर्जाची मेहनत रात्रीं करून चालत नाहीं, असें तिच्या बाईंचें सांगणें. तंबोरा उशाशीं ठेवून ती आठ दिवस नुसती जागी पडून राही, हें मला तिच्या आईकडून कळलें.

वाट निघाली ती आम्हां सुशिक्षितांच्या हातून नव्हे. नदीच्या बाजूस एक जुनें मातीच्या भिंतींचें घर आहे. तेथें एक वृद्धा एकटी राहते. तिचे मुलगे मुंबईस असतात. शिकवणीस येणाऱ्या मुलांपैकीं एक तिचा नातू. त्याच्याकडून तिला ही हकीकत कळली तेव्हां ती स्वतः काठी टेकीत आली आणि मुलीस म्हणाली, “पोरी, मला तीन वाजल्यापासून झोंप नसते. तूं येत जा माझ्याकडे. घरांत माणसाचा आवाज तरी होईल.” गाणें चांगलें कीं वाईट, राग कोणता, परीक्षा केव्हां, ह्यांपैकीं एकही प्रश्न तिनें विचारला नाहीं. युरोपांतील संगीत विद्यालयांत जी खोली असते आणि आपल्याकडे जी बहुधा नसते, ती दहिवलीस अशा रीतीनें सांपडली.

आतां पदवीचें शेवटचें वर्ष आहे, आणि खरा प्रश्न पुढेंच आहे. तिचे वडील रेल्वेंत नोकरीस. सरळ, कष्टाळू गृहस्थ. ते एकदां माझ्याकडे येऊन म्हणाले, “सर, पदवी होईल. पण पुढें काय? गाण्यावर हिचें पोट भरेल कां?” अशा प्रश्नास गोड उत्तर देणें हा गुन्हा आहे. मीं त्यांस प्रभाताई अत्रे (१९३२–२०२४) ह्यांचें उदाहरण सांगितलें. विज्ञान आणि कायदा ह्या दोहोंची पदवी घेऊन त्या गाण्यांत राहिल्या, संगीतांत डॉक्टरेट मिळविली, आणि धोंडो केशव कर्व्यांनीं १९१६ त स्थापन केलेल्या महिला विद्यापीठांत संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. पण लागलीच हेंही सांगितलें कीं प्रत्येक गाणारी मुलगी प्रभाताई होत नाहीं, आणि व्हावी अशी अटही नाहीं. शाळेंत संगीतशिक्षिकेची जागा मिळेल, शिकवण्या मिळतील. धन मिळणार नाहीं. “दोन वर्षें तिची पहांट मोडूं नका, एवढेंच माझें मागणें,” असें मीं म्हणालों. त्यांनीं होकारही दिला नाहीं, नकारही दिला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून काळोखांत नदीकडच्या त्या घरापर्यंत बॅटरी घेऊन तिच्याबरोबर तेच जाऊं लागले, आणि मेहनत संपेपर्यंत ओसरीवर बसूं लागले.

अर्थशास्त्रांत आम्ही खर्चलेल्या पैशाचें फळ कोणत्या वर्षीं पदरांत पडेल तें विचारतों. ह्या मुलीवर झालेल्या खर्चाचें फळ मला विचारलें तर मी रंगमंचाकडे बोट दाखविणार नाहीं. सायंकाळीं शिकवणीस येणाऱ्या त्या आठ मुलांकडे दाखवीन. त्यांत शेतकऱ्याचा मुलगा आहे, वडापावच्या गाडीवाल्याची मुलगी आहे. सर्वजण क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या भागांतील चिजा म्हणतात. बेसूर म्हणतात, पण समेवर येतात. बाळकृष्णबुवांस जें आणण्यासाठीं ग्वाल्हेरपर्यंत जावें लागलें त्यांतील एक कण ह्या मुलांस घरापासून शंभर पावलांवर मिळतो. जी मुलगी सहा तास प्रवास करते तिच्यामुळें आठ मुलांचा प्रवास वांचतो, हा व्यवहार कोणत्याही ताळेबंदांत नफ्याचाच धरावा लागेल.

आणि म्हणून सुशिक्षित कुटुंबांपाशीं माझें मागणें लहानसेंच आहे. संगीताच्या विद्यार्थ्यास बक्षिसें, शाली आणि सत्कार देण्याची हौस आपणांस फार. त्या सर्वांपूर्वीं त्याला पाऊण तास आणि चार भिंती द्याव्या. प्रत्येक इमारतींत गच्चीवरची किंवा तळघरांतली एखादी रिकामी खोली असते. तेथें आज मोडक्या सायकली आणि रंगाचे डबे असतात. ती पहांटेपुरती उघडून देण्यास ठराव नको, वर्गणीही नको. पदवी विद्यापीठ देईल, विद्या गुरु देईल, कान गाडींत बसूनही तयार होतील. पहांट मात्र शेजाऱ्यांनींच दिली पाहिजे. ती देण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाच्याही हातीं नाहीं.